मृगाच्या बाणापासून मिठाच्या डब्यापर्यंत: ताऱ्यांत मूलद्रव्यं कशी घडतात ते एका रात्रीत समजून घ्या

जानेवारीतली, अमावास्येच्या आसपासची एखादी शनिवारची रात्र धरा. हवा कोरडी असते, आणि रात्री नऊच्या सुमारास मृग नक्षत्र आग्नेयेला चांगलं वर आलेलं असतं. मूलद्रव्यं ताऱ्यांत कशी तयार होतात हे शिकायचं तर आवर्तसारणीपासून सुरुवात करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. सारणीतले 118 चौकोन एकदम अंगावर येतात आणि हायड्रोजनवरून हेलियमवर जायला किती खटाटोप लागतो, हे त्यात कुठेच दिसत नाही. आकाशात मात्र जवळजवळ प्रत्येक पायरीसाठी बोट दाखवता येईल असा एक तारा आहे, आणि त्यातले बहुतेक मृगाच्या शेजारपाजारचेच.

सामान फार नको. एक चटई, कानटोपी, बॅटरी (काचेवर लाल जिलेटीन कागद लावून) आणि मिळाली तर 10 बाय 50 ची द्विनेत्री (बायनॉक्युलर). मोबाइल खिशातच ठेवा. एकदा त्याच्या उजेडात पाहिलं की डोळ्यांना पुन्हा अंधाराची सवय व्हायला वीसेक मिनिटं जातात. शहरातली गच्चीही चालेल, पण गावाकडे गेलात तर मजा वेगळी. मुंबईच्या खगोल मंडळाचे वांगणीचे रात्रभराचे कार्यक्रम किंवा पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था, यांच्यासोबत पहिली रात्र काढली तर तारे ओळखण्यात वेळ जाणार नाही.

पायरी 1: आधी स्वयंपाकघरात जा

अंधार पडण्याआधी हे करून घ्या. लिहिता येणारी कोरी सीडी घ्या, तिच्या लेबलच्या (छापील) बाजूवर चिकटपट्टी दाबून लावा आणि ओढा. चांदीसारखा थर सुटून येतो, खाली पारदर्शक चकती राहते. तिचा कडेकडचा तुकडा पुठ्ठ्याच्या नळीच्या एका टोकाला लावा. दुसरं टोक काळ्या कागदाने बंद करून त्यात ब्लेडने केसाएवढी बारीक फट पाडा. ती सीडीवरच्या खोबणींना समांतर हवी. झाला तुमचा वर्णपटदर्शक. यातून सूर्याकडे चुकूनही बघू नका.

आता जुना सीएफएल दिवा सापडला तर तो पहा: रंगांचा सलग पट्टा नसून सुट्या सुट्या रेघा दिसतील. मग मिठाच्या पाण्यात बुडवलेली तार गॅसच्या निळ्या ज्योतीत धरा. ज्योत पिवळी होते आणि नळीतून एक ठळक पिवळी रेघ दिसते. ती सोडियमची. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा ठरलेल्या, जणू अंगठ्याचा ठसा. शेकडो प्रकाशवर्षं दूरच्या ताऱ्यात काय शिजतंय हे आपल्याला कळतं ते याच ठशांवरून.

या पिवळ्या रेघेशी एक मोठी गोष्ट बांधलेली आहे. 18 ऑगस्ट 1868 चं खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसलं. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या वर्णपटात एक पिवळी रेघ होती, सोडियमच्या अगदी शेजारी, पण नेमकी तिथे नाही. इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकयरने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, ती रेघ पकडली आणि ती पृथ्वीवर माहीत नसलेल्या मूलद्रव्याची आहे असं पुढे मांडलं. तोच हेलियम. पृथ्वीवर तो रसायनशास्त्रज्ञ रॅम्सेच्या हाती लागायला 1895 उजाडलं. विजयदुर्गच्या किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' दाखवतात आणि लॉकयरने हेलियम तिथून शोधला असं सांगतात. हे ऐकायला गोड आहे, पण 1868 मध्ये लॉकयर भारतात नव्हताच. तो विजयदुर्गला आला 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणाला. दोन ग्रहणांची सरमिसळ झालेली दिसते. ओटे पाहायला जरूर जा, फक्त साल बरोबर सांगा.

पायरी 2: एकच नियम पाठ करा

अणूच्या केंद्रकात प्रोटॉन असतात आणि त्यांचा विद्युतभार धन. दोन केंद्रकं जवळ आणली की ती एकमेकांना ढकलतात. ती चिकटावीत असं वाटत असेल तर त्यांना प्रचंड वेगाने आदळवावं लागतं, म्हणजेच तापमान प्रचंड हवं. केंद्रक जितकं जड तितकी ढकलाढकली जास्त, तितकं तापमानही जास्त.

तारा म्हणजे अशी चूल, जिची राख पुढच्या खेपेला इंधन म्हणून वापरता येते. अट एवढीच की चूल आणखी तापली पाहिजे. ती तापवतं गुरुत्वाकर्षण: इंधन संपलं की गाभा स्वतःच्या वजनाने दबतो आणि दबला की तापतो. किती दबणार, हे ताऱ्याच्या वस्तुमानावर ठरतं. पुढच्या प्रत्येक थांब्यावर स्वतःला एकच प्रश्न विचारा: इथली राख पेटणार का?

पायरी 3: बाणाखालचा धूसर ठिपका

मृगाच्या चौकटीत मधोमध ओळीने तीन तारे आहेत, तो व्याधाने मारलेला बाण. बाणाच्या खाली, दक्षिणेला, अंधुक ठिपक्यांची एक उभी ओळ दिसेल. तिच्या मधल्या ठिपक्यावर द्विनेत्री रोखा. तो ठिपका ताऱ्यासारखा टोकदार दिसत नाही, श्वास सोडलेल्या काचेसारखा दिसतो. हा मृगातला तेजोमेघ, सुमारे 1,300 प्रकाशवर्षं दूर. इथे नवे तारे जन्मतात.

यातला माल मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियम. विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांत वजनाने साधारण 75 टक्के हायड्रोजन, 25 टक्के हेलियम आणि चिमूटभर लिथियम तयार झालं. नंतर विश्व प्रसरण पावून गार झालं आणि ती चूल विझली. ताऱ्यांना मिळालेलं भांडवल एवढंच. तारेही मुख्यतः हायड्रोजनचेच असतात हे 1925 मध्ये सेसिलिया पेनने दाखवलं, आणि त्यासाठी तिने वापरलं होतं मेघनाद साहांचं 1920 चं समीकरण, तापमानानुसार अणूंतले इलेक्ट्रॉन किती सुटतात हे सांगणारं. त्या वेळच्या बड्या मंडळींना ते पटलं नव्हतं.

एक तक्रार इथेच नोंदवतो. 'आपण सगळे ताऱ्यांच्या धुळीचे' हे वाक्य हल्ली प्रत्येक भाषणात असतं. आपल्या शरीरातल्या अणूंची मोजदाद केली तर निम्म्याहून जास्त अणू हायड्रोजनचे निघतात, आणि ते कुठल्याही ताऱ्यात घडलेले नाहीत. पाण्याच्या पेल्यातला ऑक्सिजन ताऱ्यातला, हायड्रोजन त्याच्याही आधीचा.

पायरी 4: व्याध, आणि अर्थात सूर्य

बाणाची रेघ खाली आग्नेयेकडे वाढवा. आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा लागतो, तो व्याध. 8.6 प्रकाशवर्षं, म्हणजे अगदी घरचाच.

सूर्याच्या गाभ्यात तापमान दीड कोटी अंश. तिथे दर सेकंदाला सुमारे 60 कोटी टन हायड्रोजनचं हेलियम होतं आणि त्यातलं 40 लाख टनांच्या आसपास वस्तुमान ऊर्जा बनून बाहेर पडतं. तरीही ही चूल फार मंद आहे, कारण दोन प्रोटॉन चिकटताना त्यातल्या एकाने न्यूट्रॉन व्हावं लागतं आणि असं क्वचितच घडतं. म्हणून सूर्य 460 कोटी वर्षं जळूनही अजून जवळपास 500 कोटी वर्षं टिकेल.

व्याध सूर्याच्या दुप्पट वजनाचा. त्याचा गाभा जास्त तापतो आणि तिथे वेगळा मार्ग चालतो: आधीच्या ताऱ्यांकडून आलेला थोडासा कार्बन विरजणासारखा वापरला जातो. कार्बनला एकेक प्रोटॉन चिकटत जातो, मधे नायट्रोजन आणि ऑक्सिजन होतात आणि शेवटी हेलियम सुटून कार्बन परत मिळतो. या साखळीतला सगळ्यात आळशी टप्पा नायट्रोजनचा, त्यामुळे तिथे गर्दी साचते. आपल्या हवेतला आणि डाळीच्या प्रथिनांतला नायट्रोजन मुख्यतः अशा साचलेल्या गर्दीतून आलेला आहे.

पायरी 5: रोहिणी, जिथे गाडी अडायला हवी होती

आता बाणाची रेघ उलट दिशेला, वर वाढवा. नारिंगी झाक असलेला तारा दिसेल: रोहिणी, 65 प्रकाशवर्षं. तिच्या गाभ्यातला हायड्रोजन संपला आहे. गाभा आकसला, बाहेरचं अंग फुगलं आणि गार पडलं, म्हणून रंग तांबूस. हा तांबडा राक्षसी तारा.

इथे जरा थांबूया, कारण सगळ्या कहाणीतली खरी गंमत इथे आहे. गाभ्यात हेलियमची राख साठली आहे. प्रत्येक केंद्रकात चार कण. त्याला एक प्रोटॉन चिकटवला तर पाच होतात, पण पाच कणांचं टिकाऊ केंद्रकच निसर्गात नाही. दोन हेलियम जोडले तर आठ होतात, आणि आठांचंही टिकत नाही. ते डोळ्याचं पातं लवण्याच्या अब्जावधी पटींनी आधी फुटतं. जिन्याच्या दोन पायऱ्याच गायब! मग कार्बन आला कुठून?

उत्तर असं की गाभा 10 कोटी अंशांपर्यंत तापला आणि दाटी पुरेशी झाली तर आठ कणांचं केंद्रक फुटण्याआधीच तिसरा हेलियम येऊन आदळू शकतो. पण हिशेब करून पाहिला तर यातून कार्बन फारच थोडा निघत होता. 1953 मध्ये फ्रेड हॉईलने उलटा विचार केला: कार्बन तर भरपूर आहे, म्हणजे कार्बनच्या केंद्रकाची एक विशिष्ट उत्तेजित अवस्था असलीच पाहिजे, जी या तिघांच्या भेटीला नेमकी जुळते. तो अमेरिकेत विल्यम फाउलरच्या प्रयोगशाळेत गेला आणि शोधा म्हणाला. मंडळींना सुरुवातीला हे विचित्रच वाटलं, पण शोधलं आणि 7.65 दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास ती अवस्था सापडली. तारे पाहून अणूबद्दल केलेलं असं भाकीत मला तरी दुसरं आठवत नाही. हा हॉईल म्हणजे जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले मार्गदर्शक. 1957 मध्ये बर्बिज दांपत्य, फाउलर आणि हॉईल या चौघांनी मिळून मूलद्रव्यांच्या निर्मितीचा अख्खा आराखडा एका लांबलचक शोधनिबंधात मांडला. 1983 चं नोबेल त्यातल्या फाउलरला मिळालं, हॉईलला नाही, आणि याची हळहळ अजून ऐकू येते.

तर रोहिणीसारख्या ताऱ्यात पुढे कार्बन होतो, आणि कार्बनला आणखी एक हेलियम चिकटून ऑक्सिजन.

पायरी 6: न दिसणारा शेजारी

पुन्हा व्याधाकडे वळा. त्याला एक जोडीदार आहे, श्वेतबटू. व्याधाच्या झगमगाटात तो द्विनेत्रीतून दिसणार नाही. मोठी दुर्बीण आणि स्थिर हवा लागते. पण तो तिथे आहे हे माहीत असलेलं बरं. वजन सूर्याएवढं, आकार पृथ्वीएवढा. मुख्यतः कार्बन आणि ऑक्सिजनची राख, पेटायला पुरेशी न तापलेली. सूर्याचाही शेवट असाच आहे. म्हणजे सूर्य कधीच लोखंड बनवणार नाही.

अशी राख किती वजनापर्यंत स्वतःला तोलू शकते? सूर्याच्या सुमारे 1.4 पट. या मर्यादेमागचं गणित सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी 1930 मध्ये, वयाच्या 19 व्या वर्षी, मुंबईहून निघालेल्या बोटीवर मांडायला घेतलं. फाउलरसोबत 1983 चं नोबेल विभागून मिळालं ते त्यांनाच.

आणि ही राख कायमची थंड राहतेच असं नाही. जोडीदाराकडून माल ओढून, किंवा दुसऱ्या श्वेतबटूशी मिळून, तो पेटला तर सगळाच्या सगळा उडतो. नवख्यांना इथे हमखास चकवा बसतो: लोखंड म्हटलं की सगळ्यांना महाकाय तारेच आठवतात, पण आपल्या आसपासचं निम्म्याहून अधिक लोखंड या लहान ताऱ्यांच्या स्फोटांतून आलं आहे.

पायरी 7: काक्षी

मृगाच्या चौकटीचा ईशान्येचा, तांबूस तारा म्हणजे काक्षी. पंचांगातली आर्द्रा हीच, असं बरेच जण मानतात. हा महाराक्षसी तारा, सूर्याच्या साधारण 15 ते 20 पट वजनाचा. समोरच्या कोपऱ्यातला निळसर पांढरा राजन्य तिच्याशी ताडून पहा. रंगातला फरक नुसत्या डोळ्यांनीही कळतो. 2019 च्या अखेरीस काक्षी इतकी मंदावली की स्फोट आता होतोय की काय अशी चर्चा सुरू झाली. तिने स्वतःच फेकलेल्या धुळीने तिला झाकलं होतं.

अशा ताऱ्यात राख पुन्हा पुन्हा पेटते. सूर्याच्या 25 पट वजनाच्या ताऱ्यासाठी केलेले हिशेब पहा. हायड्रोजन पुरतो सुमारे 70 लाख वर्षं. हेलियम 7 लाख. मग 60 कोटी अंशांच्या वर कार्बन पेटतो, त्यातून निऑन, सोडियम, मॅग्नेशियम होतात, आणि तो संपतो 600 वर्षांत. निऑन वर्षभर. ऑक्सिजन सहा महिने, त्यातून सिलिकॉन, गंधक वगैरे. आणि 300 कोटी अंशांच्या आसपास सिलिकॉन पेटला की तो एका दिवसात खलास. इतकी घाई का? कारण एवढ्या तापमानाला न्यूट्रिनो नावाचे कण भरमसाट तयार होतात आणि ताऱ्याला न जुमानता ऊर्जा घेऊन थेट निघून जातात. ती गळती भरून काढायला चूल भडकावी लागते. शिवशाहीच्या आरंभी ज्याच्यात कार्बन पेटला असेल, असा तारा आज त्याच टप्प्यात मध्यावर येऊन पोचला असता. पण शेवटचा टप्पा शनिवारी सुरू होऊन रविवारी संपतो.

आता गाभ्याची रचना कांद्यासारखी: बाहेर हायड्रोजनचा पापुद्रा, आत हेलियम, मग कार्बन, निऑन, ऑक्सिजन, सिलिकॉन आणि मधोमध लोखंडाच्या जातकुळीचे अणू. लोखंडाच्या आसपासची केंद्रकं सर्वांत घट्ट बांधलेली असतात. ती जोडून ऊर्जा मिळत नाही, उलट घालावी लागते. पायरी 2 च्या प्रश्नाचं उत्तर इथे पहिल्यांदाच 'कधीच नाही' असं येतं.

पायरी 8: 1054 ची राख

वृषभाच्या दक्षिणेकडच्या शिंगाच्या टोकाजवळ क्रॅब तेजोमेघ आहे. छोट्या दुर्बिणीतून, अंधाऱ्या जागेवरून, एक फिकट डाग दिसतो. नवख्यांची इथे निराशा होते. फोटोत पाहिलेले रंग डोळ्यांना दिसत नाहीत. पण हा डाग म्हणजे 1054 मध्ये चिनी निरीक्षकांनी दिवसाढवळ्या पाहिलेल्या स्फोटाचे अवशेष आहेत.

लोखंडी गाभा 1.4 सूर्यांच्या आसपास पोचला की सेकंदाच्या आत कोसळतो आणि एखाद्या शहराएवढा न्यूट्रॉन तारा उरतो. बाहेरचे पापुद्रे उधळले जातात. ऑक्सिजन, मॅग्नेशियम, सिलिकॉन अंतराळात येतात ते मुख्यतः असे. हे नुसतं कागदावरचं नाही. 23 फेब्रुवारी 1987 ला शेजारच्या छोट्या दीर्घिकेतल्या (गॅलेक्सीतल्या) स्फोटाचे दोनेक डझन न्यूट्रिनो जपान, अमेरिका आणि रशियातल्या भूमिगत उपकरणांत पकडले गेले. त्यानंतर त्याचा प्रकाश मंदावत गेला तो किरणोत्सारी कोबाल्टच्या 77 दिवसांच्या अर्धायुष्याच्या तालावर. स्फोटात थेट लोखंड झालं नव्हतं. निकेल झालं, निकेलचं कोबाल्ट, कोबाल्टचं लोखंड.

पायरी 9: लोखंडापुढचे, आणि मंगळसूत्रातलं सोनं

लोखंडाच्या पुढे ढकलाढकली इतकी वाढते की आदळवून चिकटवणं परवडत नाही. मग चोरवाट: न्यूट्रॉन. त्याला भार नाही, त्याला कोणी ढकलत नाही. तो केंद्रकात शिरतो, कधी तिथे प्रोटॉन होतो आणि मूलद्रव्य एक घर पुढे सरकतं.

हे दोन गतींनी घडतं. म्हाताऱ्या तांबड्या ताऱ्यांत सावकाश, एकेक न्यूट्रॉन, मधे वर्षानुवर्षं. 1952 मध्ये पॉल मेरिलला अशा काही ताऱ्यांच्या वर्णपटात टेक्नेशियमच्या रेघा दिसल्या. टेक्नेशियमच्या सर्वांत टिकाऊ प्रकाराचं अर्धायुष्यही 42 लाख वर्षांच्या आसपास. तारा त्याहून कितीतरी जुना. म्हणजे ते तिथेच, ताजं तयार होत होतं. ताऱ्याला भांडं घासताना रंगेहाथ पकडावं तसं.

दुसरी गती बेफाम. तिचं ठिकाण पाहायचं तर मध्यरात्र उलटू द्या. चित्रा उगवली की तिच्या दक्षिणेला वासुकीचा भाग येतो. तिथल्या 13 कोटी प्रकाशवर्षं दूरच्या एका दीर्घिकेत दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले. त्यांच्या गुरुत्वलहरी, म्हणजे अवकाशातच उठलेले तरंग, 17 ऑगस्ट 2017 ला पृथ्वीवर पोचल्या. 1.7 सेकंदांनी गॅमा किरणांची चमक आली आणि सुमारे 11 तासांनी दुर्बिणींना तो प्रकाश सापडला. काही दिवसांत तो निळ्याचा लाल झाला, जड मूलद्रव्यं तयार झाल्याची खूण. पुढे त्या वर्णपटात स्ट्रॉन्शियम ओळखू आलं. नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीनेही या स्फोटाचा मागोवा घेतला. त्या एका टकरीत पृथ्वीच्या वजनाच्या काही पट सोनं तयार झालं असावं, असा अंदाज आहे. हिंगोली जिल्ह्यात लायगो-इंडियाची गुरुत्वलहरी टिपणारी वेधशाळा उभी राहिली की अशा टकरी आकाशात नेमक्या कुठे झाल्या ते जास्त चटकन सांगता येईल.

पायरी 10: सकाळचा अभ्यास

झोप झाली की ओट्यावरच्या वस्तूंची यादी करा आणि प्रत्येकीपुढे काल पाहिलेला थांबा लिहा. लोखंडी तवा: जास्त करून श्वेतबटूंचे स्फोट, उरलेला काक्षीसारख्यांचा. ॲल्युमिनियमचं पातेलं: महाकाय ताऱ्यांतला कार्बन आणि निऑन पेटलेला थर. कल्हईचं कथील: बरंचसं सावकाश न्यूट्रॉनांच्या वाटेने. पानाच्या चुन्यातलं कॅल्शियम: ऑक्सिजन आणि सिलिकॉनची शेवटची धावपळ. फोनच्या बॅटरीतलं लिथियम या यादीत नीट बसत नाही, कारण ताऱ्याच्या गाभ्यात ते टिकतच नाही. त्याच्यासाठी कागदावर बाजूला जागा ठेवा.

मिठाचा डबा शेवटी घ्या. सोडियम कार्बन जळताना झालेलं, क्लोरीन ऑक्सिजन जळताना. आणि पुड्यावर 'आयोडीनयुक्त' लिहिलेलं असेल तर त्यातलं आयोडीन जवळजवळ सगळं त्या बेफाम न्यूट्रॉनांच्या वाटेचं, सोन्याच्या भावकीतलं.